दुसऱ्याच्या बांधीवरची अटक

कोलू मडावी माझ्याकडे आला तेव्हा मी बाजेच्या दोऱ्या आवळत होतो. तो न बोलता दुसऱ्या बाजूला बसला आणि दोरीचं टोक धरलं. बाज पूर्ण आवळून झाल्यावर बोलला.

"जलालभाऊ, मी कोठडीत होतो त्याचा कागद पाह्यजे."

कोलूला मी लाकूड डेपोपासून ओळखतो. उन्हाळ्यात हिरडटोल्याहून तो डेपोत कामाला यायचा. सागाचा लट्ठा, म्हणजे ओंडका, दोर बांधून आडव्या बल्लीवर घेतला की पुढे तो, मागे मी. पुढच्या माणसाने दोर हळूच मागे सरकवला की सगळं वजन मागच्यावर येतं. पुष्कळ जण तसं करत. कोलूने कधी केलं नाही. एवढ्यावरून माझी त्याच्याशी ओळख पक्की झाली. बाकी तो फार बोलणारा नाही.

डेपोतलं काम सुटल्यावर मी सिंदेवाहीत राईस मिलच्या मागे घरीच असतो. पाठ वाकत नाही. युनियनचे अर्ज मी लिहायचो म्हणून लोक अजूनही अर्ज लिहून घ्यायला येतात. पण माणूस आपली अटक लपवतो. ही काढून दाखवायची म्हणणारा मी पहिल्यांदाच पाहिला.

कारण साधं होतं. वनहक्काचा कायदा आला होता. जंगलातली जी जमीन आदिवासी माणूस दोन हजार पाच सालच्या आधीपासून कसतो, तिचा पट्टा त्याला मिळणार होता. कोलूची बांधी, म्हणजे धानाचं शेत, जंगलात होती. बापापासून कसत होते. कागद एकही नव्हता. म्हाताऱ्यांचा जबाब चालतो असं नियमात लिहिलेलं होतं, मी स्वतः वाचलं. पण दावे तपासणाऱ्या टेबलावर म्हणाले, जबाब सगळेच आणतात, सरकारी कागद आणा. मग कोणीतरी सांगितलं की जबरानजोतीच्या, म्हणजे जंगलजमीन विनापरवाना कसण्याच्या, गुन्ह्यात पकडलं गेलं असेल तर तो कागद सगळ्यात पक्का. सरकारनेच लिहिलेलं असतं की हा माणूस ही जमीन कसत होता.

"पकडला होता ना तुला?" मी विचारलं.

"लय वेळा."

"मग झालं काम."

झालं नाही. इथून पुढे वर्ष गेलं.

नव्वदच्या सुमारास फॉरेस्टवाले पाऊस लागायच्या वेळी टोल्यात, म्हणजे कोलूच्या वस्तीत, येत. नांगरावर माणूस सापडला की पी.ओ.आर. फाडत, म्हणजे गुन्ह्याची पावती करत, आणि त्याला करंजीघाटच्या ठाण्याच्या कोठडीत ठेवत. तिथून कोर्ट, कोर्टातून कधी घर, कधी चांद्याचं जेल. नोंद ठाण्यात राही. म्हणून मी ठाण्याच्या माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज केला, दहा रुपयांचं तिकीट लावून. कोलू लच्चा मडावी, राहणार हिरडटोला, याच्या अटकेच्या नोंदीची आणि पंचनाम्याची नक्कल मिळावी. उत्तर आलं की गुन्हा क्रमांक आणि तारीख लिहा, त्याशिवाय शोधता येत नाही. कोलूला तारखा माहीत नव्हत्या. त्याला एवढं आठवत होतं की एका वर्षी मोहफूल कमी पडलं होतं, एका वर्षी टोल्यात बैलांना रोग आला होता.

मी वरच्या साहेबाकडे अपील केलं. तेही वाट पाहायला लावून परत आलं, पुन्हा अर्ज करा म्हणून. तेव्हा युनियनच्या वकिलाने एक गोष्ट सांगितली. नक्कल मागू नका. नोंदी पाहू द्या, एवढंच मागा. पाहण्याचाही हक्क आहे. आपण पाहायचं, क्रमांक आपणच लिहून घ्यायचे, मग नक्कल मागायची. हे आधी कळलं असतं तर दोन अर्जांची मेहनत वाचली असती.

परवानगीचं पत्र घेऊन आम्ही करंजीघाटला गेलो. ठाण्याचे कागद सांभाळणारे मुन्शी गुणवंतराव निवृत्तीला आलेले होते, डोळ्यांना मोतीबिंदू. पत्र डोळ्यांजवळ नेऊन वाचलं.

"पाहा ना. कोन नाई म्हन्ते. पेटी मागच्या खोलीत हाये. काढून द्यायले मानूस नाई."

पेटी लोखंडी होती, वर तुटक्या खुर्च्या रचलेल्या. खुर्च्या आम्ही बाहेर ठेवल्या. पेटीला एकच कडी शिल्लक होती. कोलूने गमछा पिळून खालून घातला, त्याची दोन्ही टोकं त्याने घेतली, कडी मला दिली. कडीकडून उचलायला सोपं असतं. माझी पाठ त्याच्या लक्षात होती. दारात तो थांबला, उंबऱ्यावर टेकवली, श्वास घेतला, मग पुढे. गुणवंतराव पाहत होते.

"दोघंबी हमाल वाटता."

"होतो," मी म्हटलं.

अटकेची रजिस्टरं निघाली. काहींच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. गुणवंतराव वाचत गेले, मी लिहीत गेलो, कोलू भिंतीपासून थोडा दूर उकिडवा बसला.

"कोलू लच्चा मडावी. हा सापडला. जंगलाच्या कक्षात नांगरनी, नाल्याच्या अलीकडं." पान उलटलं. "हा बी तूच. टेकडीखाली. अबे, हा बी तूच?" त्यांनी चष्मा काढला. "काऊन रे, तू त जमीनदार निंगला! नाल्याच्या अलीकडं तुही, पलीकडं तुही, टेकडीखाली तुही, तळ्याजवळ बी तुहीच. आमच्या साहेबाजवळ इतकी नाई."

दारातला पहाऱ्याचा शिपाई हसला. कोलू हसला नाही.

"त्या माह्या नाई ना," तो म्हणाला.

मी पेन खाली ठेवलं. "तुझ्या बांधीची खूण काय?"

"उगवतीकडं मोठा येनाचा झाड. मावळतीकडं वारूळ."

सगळ्या नोंदी परत पाहिल्या. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाजवळ कोलू मडावी एकदाही पकडला गेला नव्हता.

"कोलू, सीधा सांग. तुझ्या स्वतःच्या बांधीवर तुला कधी पकडलं?"

"माह्या बांधीवर मले कसे पकडतीन? मंग नांगर वाहन कोन?"

त्याला हे इतकं उघड वाटत होतं की एवढ्या महिन्यांत सांगायची गरजच पडली नव्हती. मीही विचारलं नव्हतं.

टोल्यात पाळी होती. फॉरेस्टवाले नांगरावर जो सापडेल त्याला नेत. शेताचा मालक नेला की बांधी पडीक राही, मग ते तिथे खड्डे खोदून सागाची रोपं लावत, आणि एकदा साग लागला की जमीन गेली. म्हणून गावाने ठरवलं होतं. जीप येणार अशी कुणकुण लागली की नांगरावर दुसऱ्याच घरचा माणूस उभा राहायचा. शेत माझं म्हणायचं आणि जायचं. जीप गेली की मालक बैल जुंपायचा आणि पाऊस असेपर्यंत वाहून, परे, म्हणजे धानाची रोपं, टाकून मोकळा व्हायचा. साहेब लोकांना एक गुन्हा आणि एक माणूस मिळायचा. आत गेलेल्याची बांधी सगळं गाव रोवायचं. नियम एकच. स्वतःच्या बांधीवर स्वतः जायचं नाही.

कोलूची पाळी सगळ्यात जास्त. त्याला लेकरू नाही, एक कारण. दुसरं, सगळ्यांना ते जमत नव्हतं. कोणी रडत, कोणी गार्डशी भांडून मार वाढवून घेत, कोणी घाबरून खऱ्या मालकाचं नाव सांगून टाकत. कोठडीत बसणं हेही काम आहे आणि त्याची पद्धत आहे. कोलू ओल्या भिंतीला पाठ लावत नसे, त्याने खोकला लागतो. मिळालेल्या भाकरीतली अर्धी ठेवून देई. विचारतील तेवढंच सांगे. परत आला की दुसऱ्या दिवशी कामावर.

गुणवंतराव ऐकत होते. त्यांनी रजिस्टर मिटलं.

"म्हन्जे त्या येनाच्या झाडाखाली कोन गेल्ता?"

"मुखरू कुमरे."

मुखरूचं नाव सापडलं. पण नक्कल द्यायला त्यांनी डोकं हलवलं. तिसऱ्या माणसाची आहे, तो किंवा त्याचा वारस यानेच मागायला पाहिजे. मुखरू मेला होता. पोरगा हेमराज टोला सोडून कोरपन्याकडे सिमेंटच्या पोत्यांच्या लोडिंगवर होता.

पेटी आम्ही परत जागेवर ठेवली, खुर्च्या वर रचल्या.

कोलूच्या घरी कलाबाईला, त्याच्या बायकोला, सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"घ्या. साऱ्या टोल्याची कोठडी यानं भोगली, अन् याची बांधी मुखरूभाऊच्या नावानं लिवून ठेवली. इतका हुशार मानूस सरकारले बी भेटनार नाई."

"मुखरू माह्यासाठी गेल्ता," कोलू म्हणाला.

"गेल्ता ना. मी कुठी नाई म्हन्ते. भाकर मीच बांधून देल्ली होती." मग माझ्याकडे पाहून, "भाऊ, हेमराज सही देईन का?"

मला माहीत नव्हतं. मुखरूला कोठडीतली ओल बाधली होती. खोकला लागला तो गेलाच नाही. हेमराज तेव्हा लहान होता, पण हे पाहत मोठा झाला होता.

एसटीने आधी चांदा, तिथून कोरपना, तिथून मालाच्या गाडीत. पोहोचलो तेव्हा माझी पाठ लाकडासारखी झाली होती. हेमराज शेडबाहेर नळावर तोंड धूत होता. पापण्यासुद्धा राखाडी. त्याने कोलूच्या पायाला हात लावला आणि आम्हाला चहाच्या टपरीवर नेलं. मी अर्जाचं सगळं समजावलं. तो शेवटपर्यंत ऐकून कोलूला म्हणाला,

"काका, कागद माह्या बापाच्या नावाचा निंगला, त त्या कागदावर शेत माह्या बापाचं."

"होय."

"मंग ते माह्यं झालं."

"कागदावर होते," कोलू म्हणाला.

"अन् आमची बांधी?"

"ते तळ्याजवळची. तिथी माह्या नावाचा कागद हाये. जलालभाऊनं पाह्यला."

हेमराज हसला. हसताना खोकला. "वा. म्हन्जे तुही मले, माही तुले. अदलाबदल. पन तुह्या बांधीत पानी जास्त थांबते, काका. मी फायद्यात." टपरीवाल्याने मध्ये काहीतरी विचारलं, त्याला त्याने हाताने थांबवलं. "तुह्या त्या बांधीपायी माहा बाप खोकून खोकून मेला. मले झोपेत आयकू येत होता तो खोकला. हे तुले मालूम हाये ना?"

"हाये."

कोलू आणखी काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली. बचाव करायला त्याच्याजवळ काही नव्हतं असं नाही. मुखरूच्या बांधीसाठी तो दोनदा गेला होता. पण ते त्याने काढलं नाही.

"पेन दे, चाचा," हेमराज मला म्हणाला. अर्जावर सही केली. सिमेंटचा अंगठा कागदाच्या कोपऱ्यावर उमटला. "सही देऊन राह्यलो. पन पेशीत मी काय बोलीन ते आज नाई सांगत. मले विचार करू दे."

परतताना कोलू पूर्ण वाटभर जागा होता. मी विचारलं, हेमराज दावा सांगेल असं वाटतं का. म्हणाला, "सांगन तरी त्याचं काई चुकन असं नाई."

नक्कल आली. गुणवंतरावांनी लक्षात ठेवून निवृत्त व्हायच्या आधी पाठवली. पंचनाम्यात स्वच्छ लिहिलं होतं. इसम नामे मुखरू कुमरे, शेत स्वतःचे असल्याचे सांगतो, पूर्वेस येनाचे झाड, पश्चिमेस वारूळ. खाली मुखरूचा अंगठा.

पेशी, म्हणजे दाव्याची सुनावणी, उपविभागाच्या कचेरीत होती. टोल्यातले बरेच आले होते, प्रत्येकाच्या पिशवीत नक्कल, आणि बहुतेक नकलांवर कोलूचं नाव, त्या त्यानेच सही करून मागवल्या होत्या. आम्ही अंगणातल्या कडुलिंबाखाली बसलो. हेमराज दिसत नव्हता. कलाबाई दर बसकडे मान वळवून पाहत होती. दुपार कलली तेव्हा तो आला आणि आमच्यात न बसता व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला. कोलूने त्याच्यासाठी ठेवलेली भाकर कलाबाईच्या हाती पाठवली. त्याने घेतली, पण खाल्ली नाही, तशीच हातात धरून ठेवली.

साहेब तरुण होते. समोर फाइलींचा ढीग, आवाज बसलेला. त्यांनी कागद वाचला, दावा वाचला, पुन्हा कागद वाचला.

"दावा कोलू मडावीचा. कागद मुखरू कुमरेचा. हे कसं?"

कोलूने सांगितलं. जसं मला ठाण्यात सांगितलं होतं तसंच, शब्द कमी करून.

"म्हणजे त्या वेळी तुम्ही सगळ्यांनी खोटं सांगितलं?"

"होय."

"तुम्ही स्वतःसुद्धा?"

"मी लय वेळा."

कारकून हसला, साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा थांबला. "आजोबा, समजून बोला. हे मी जबाबात घेणार. सरकारी माणसाला खोटी माहिती दिली असं तुमच्या तोंडून लिहिलं जाईल. उद्या कोणी त्यावर कारवाई करा म्हटलं तर मी थांबवू शकत नाही."

मी कोलूची बाही धरली. त्याने माझा हात हळूच बाजूला केला.

"लिवा ना. बसाचं असन त बसतो. मले बसता येते."

साहेबांनी पेन उचललं, पण लिहिलं नाही. "मुखरू कुमरेचे वारस?"

हेमराज पुढे आला. भाकर अजून हातात होती.

"कागद तुमच्या वडिलांचा आहे. या कागदावर तुम्ही दावा करू शकता. करायचा आहे का?"

हेमराज कोलूकडे पाहत नव्हता, कलाबाईकडेही नाही. त्याला विचार करायला एवढे महिने मिळाले होते आणि तरी तो तिथे उभा राहून परत विचार करत होता, हे मला दिसत होतं. मी त्याला दोष दिला नसता. पोती उचलणाऱ्याला पाणी थांबणारी बांधी म्हणजे काय ते मला कळतं.

"नाई करत," तो म्हणाला. "शेत काकाचं. माहा बाप पाळीवर गेल्ता. आमच्या बांधीवर हे गेल्ते." थोडं थांबून, "खोकला बापाले लागला. तो काकाले बी लागला असता. मी बापाच्या अंगठ्यावर दुसऱ्याची बांधी नाई घेत."

"हेही लिहू?"

"खोकल्याचं नका लिवू. बाकी लिवा."

साहेबांनी लिहिलं. गावाच्या वनहक्क समितीचा ठराव सोबत होता, तोही त्यांनी वाचून जोडला. कोलूचा दावा मंजुरीसाठी वर पाठवायचा ठरला. मग त्यांनी ढिगातल्या पुढच्या फाइली उघडून पाहिल्या आणि डोळे चोळले.

"या सगळ्यांवर कोलू मडावीच आहे का?"

"माह्यासोबत आल्ते त्यायच्यावर," कोलू म्हणाला.

"मग असं करू. अटकेच्या कागदावर ज्याचं नाव, त्याने प्रत्येक पेशीला स्वतः येऊन सांगायचं, की शेत माझं नाही, अमक्याचं आहे. नाहीतर मला वर पाठवता येणार नाही. एका दिवशी सगळं होणार नाही. तारखा देतो."

बाहेर आल्यावर हेमराज कडुलिंबाखाली बसून ती भाकर खायला लागला. कलाबाईने मिरचीचा ठेचा त्याच्यासमोर सरकवला. तिने शेवटच्या बसपर्यंत त्याला उठू दिलं नाही.

कोलूचा पट्टा पुढच्या पावसाळ्यात आला. मोजणीत नाल्याकडची बाजू कमी भरली होती. मी म्हटलं, अपील करता येतं. त्याने कागद पाहिला, नाव वाचून घेतलं, घडी घालून कलाबाईकडे दिला. "मंग पाहू."

आता त्याला वेळ नाही. तारखा सुरू आहेत. कधी साहेब नसतात, कधी वीज नसते, कधी दुसऱ्याची फाइल लांबते, आणि तारीख पुढे जाते. कोलू प्रत्येक तारखेला जातो. ज्याची तारीख असेल त्याच्या घरचे लोक त्या दिवशी कोलूच्या बांधीत काम करतात, हे कोणी ठरवलं नाही, आधीच ठरलेलं होतं. पाठ बरी असली की मीही सोबत जातो. तो व्हरांड्यातल्या बाकावर बसतो, भिंतीला पाठ न लावता. अर्धी भाकर खातो, अर्धी बांधून ठेवतो. डुलकी लागते, पण मान पडत नाही.

शिपाई नाव पुकारतो. कोलू गुडघ्यावर हात दाबून उठतो, आत जातो, विचारलं तेवढंच सांगतो.

"शेत माह्यं नाई."

मग बाहेर येऊन पुढची तारीख कोणाची ते मला विचारतो.